रिकामी गव्हाणी: आगमनकाळ पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

नाताळची तयारी म्हटलं की आकाशकंदील, केकचा मैदा आणि नवे कपडे हे ओळीने डोळ्यांपुढे येतात. ते सगळं व्हायलाच हवं. पण चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधी एक स्वतंत्र काळ राखून ठेवलेला आहे, आगमनकाळ. लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेले, नुकताच स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेले, किंवा लहानपणी आईचं बोट धरून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारे आणि आता बऱ्याच वर्षांनी स्वतःहून परत येणारे, यांना त्याची पद्धत कोणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, ती त्यांना माहीतच असणार. इथे दिलेली पद्धत मुख्यतः कॅथलिक घरांतली आहे. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर पापनिवेदनाचा भाग सोडून बाकी बहुतेक सगळं जसंच्या तसं चालेल.

सुरुवातीलाच एक सूचना. नवखा माणूस पहिल्या रविवारी पाच-सहा संकल्प करतो आणि ८ डिसेंबरपर्यंत त्यातला एकही उरलेला नसतो. एकच धरा, लहान धरा, पण चोवीस तारखेपर्यंत न्या.

आधी तारखा

आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाच्या, सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. त्यामुळे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच कुठेतरी पडते आणि काळ २२ ते २८ दिवसांचा होतो. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर, २०२८ मध्ये ३ डिसेंबर. रविवार चारच असतात, पण चौथा आठवडा पुरा मिळेलच असं नाही. २०२८ मध्ये चौथा रविवार हीच २४ डिसेंबर आहे, म्हणजे तो आठवडा एका दिवसाचा. म्हणून शेवटच्या आठवड्यावर कुठलंही मोठं काम टाकू नका.

उपासनेचं नवं वर्षही याच रविवारी लागतं. चर्चमध्ये गेल्यावर तीन बदल लगेच दिसतील. फादरांचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत म्हणत नाहीत, पण ‘आलेलुया’ मात्र राहतं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तेही बंद असतं. आगमनकाळ हा शोकाचा काळ नाही, आवरून धरलेल्या आनंदाचा आहे, हे या एवढ्याशा फरकावरून कळतं. तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग येतो, कारण निम्मी वाट चालून झालेली असते.

आपल्याकडच्या लॅटिन विधीच्या कॅथलिकांना या काळात सक्तीचा उपास नाही. शेजारी केरळचं सिरो-मलबार, म्हणजे वेगळ्या विधीचं कॅथलिक, कुटुंब असेल तर ते १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस मांस-मासे सोडतं. मिलान शहराच्या आंब्रोझियन विधीत तर आगमनकाळच सहा आठवड्यांचा आहे. कोणी जास्त करतं म्हणून आपलं कमी पडत नाही. उपास करायचाच असेल तर आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी वाचलेले पैसे डब्यात टाका. पैसे बाजूला न पडलेला उपास म्हणजे नुसतं डाएट.

नवख्याला धक्का बसतो तो पहिल्याच रविवारी. शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, वाचनात देवदूत नाही, मेंढपाळ नाही. जागे राहा, घरधनी कधी येईल सांगता येत नाही, असा इशारा आहे. चूक तुमच्या ऐकण्यात नाही. १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे बोट दाखवतात, आणि बेथलेहेमची गोष्ट १७ पासून जवळ येते. बाराव्या शतकातल्या संत बर्नार्डने तीन आगमनं सांगितली. पहिलं देह धरून झालं, शेवटचं गौरवाने होईल, आणि या दोहोंच्या मधलं, कोणाला न दिसणारं, माणसाच्या मनात होतं. पुढची सगळी खटपट या मधल्या आगमनासाठी आहे.

मेणबत्त्यांचं चक्र

१८३९ साली हँबर्गमध्ये योहान हिनरिक विकर्न नावाचे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, असं मुलं सारखी विचारत, म्हणून त्यांनी बैलगाडीसारख्या गाडीच्या चाकावर रोजची एक लहान आणि दर रविवारची एक मोठी मेणबत्ती लावली, असं सांगतात. त्यातूनच चार मेणबत्त्यांचं चक्र आलं. मुळात ते दिवस मोजण्याचं साधन आहे, तेव्हा दिवाणखान्याच्या शोभेपेक्षा रोज हात पोहोचेल अशा जागी ठेवा.

स्टीलचं मोठं ताट घ्या आणि त्यात बोटभर जाडीची कोरडी वाळू पसरा. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, एकमेकींपासून चार-चार इंचांवर वाळूत घट्ट रोवा. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांच्या बुडाला त्या रंगाची फीत बांधा. त्यासाठी दुकानं पालथी घालू नका. भोवती हिरवा पाला हवा. युरोपातलं फरचं झाड इथे शोधत बसण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या सुरूच्या फांद्या उत्तम. दिसायलाही तशाच आणि वसई-पालघरकडे सहज मिळतात. पण सुरू चार-पाच दिवसांत वाळतो आणि वाळला की भुर्रकन पेटतो. दर शनिवारी पाला बदला, आणि ज्योतीपासून तो किमान चार बोटं खाली राहू द्या. प्लास्टिकचा पाला वापरूच नका. पंखा बंद. खिडकीचा पडदा बांधून ठेवा.

मेणबत्त्या किती पुरतील याचा हिशोब आधी केला नाही तर फसगत होते. आठ इंच उंचीची, पाऊण इंच जाडीची मेणबत्ती साधारण सात-आठ तास जळते. रोज पंधरा मिनिटं धरली तर पहिलीला २८ दिवसांत सात तास लागतात, म्हणजे ती जेमतेम पुरते. रोज अर्धा तास लावलीत तर तिसरा आठवडा लागतानाच ती संपेल. चौथीला मात्र दोन तासही जळावं लागत नाही. शेवटी चारी एका उंचीच्या राहत नाहीत आणि तसंच दिसायला हवं. उंची सारखी राहावी म्हणून मेणबत्त्यांच्या जागा बदलणारे लोक असतात. त्यांनी चक्र घेण्याऐवजी दिव्यांची माळ घ्यावी.

क्रम असा: पहिल्या आठवड्यात एक जांभळी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात त्या दोन आणि गुलाबी, चौथ्यात सगळ्या. गुलाबी शेवटी लावणं ही हमखास होणारी चूक आहे. ती तिसऱ्या रविवारची आहे.

रोजची पंधरा मिनिटं

वेळ ठरवताना ‘रात्री जेवल्यावर’ असं मोघम ठरवू नका. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला ती बांधा: संध्याकाळचा चहा, मुलांचा अभ्यास संपणं, दुकानाचं शटर ओढणं. विरार लोकलने ये-जा करणाऱ्याला सकाळची गाडीही चालते. मेणबत्ती नाही, पण पुस्तक उघडता येतं. फोनवर वाचणार असाल तर विमान मोड लावा. नाहीतर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या ओळीवरच कोणीतरी सुप्रभात पाठवतं.

मेणबत्ती लावा आणि दोन मिनिटं गप्प बसा. ही दोन मिनिटं सर्वांत अवघड जातात, घड्याळ लावूनच बसा. मग एक उतारा मोठ्याने वाचा. पहिल्या दोन आठवड्यांसाठी यशयाचे पाच उतारे पुरतात: अध्याय २ मधल्या ओवी १ ते ५, अध्याय ११ मधल्या १ ते १०, अध्याय २५ मधल्या ६ ते १०, पस्तिसावा पूर्ण, आणि चाळिसाव्यातल्या १ ते ११. एक उतारा तीन दिवस धरला तरी चालेल, उलट बरंच. तोच उतारा तिसऱ्या दिवशी वाचताना पहिल्या दिवशी न दिसलेला शब्द अडतो. तो एक शब्द कागदावर लिहा. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज मी कोणाला ताटकळत ठेवलं? शेवटी ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणा आणि मेणबत्ती विझवा.

घरात लहान मुलं असतील तर पंधराची सात मिनिटं करा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन उतारे वाचून भरपाई करू नका. त्याचं ओझं होतं आणि तिसरा दिवसही जातो.

झाडलोट

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या वाचनात ख्रिस्तासाठी वाट तयार करणारा योहान बाप्तिस्ता येतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचं तरी काय? त्याची उत्तरं बघा. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने धाकदपटशा करू नये. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्यातलं उत्तर. आत्मपरीक्षण असंच करायचं असतं. ‘मी स्वार्थी आहे’ असं लिहिण्यात काही अर्थ नाही. भाडेकरूची अनामत अडकवून ठेवली आहे का? कामवाल्या बाईचे सुट्टीचे पैसे कापले का? सासूच्या औषधाची वेळ मुद्दाम विसरलो का?

एक कोरा कागद घ्या, अर्धा तास बसा आणि तीन भाग करा: घर, काम, देव. प्रत्येकात जे ठळक आठवेल तेवढंच लिहा. पान भरावं म्हणून लिहू नका.

मग कन्फेशन, म्हणजे पापनिवेदन. ते दुसऱ्या आठवड्यात उरका. २२-२३ डिसेंबरला रांग दारापर्यंत जाते, फादर थकलेले असतात आणि तुमचं अर्धं लक्ष फ्रिजमधल्या खिम्यावर असतं. अनेक धर्मग्रामांत आगमनकाळात एका संध्याकाळी सामुदायिक प्रायश्चित्तविधी ठेवतात आणि त्यासाठी बाहेरूनही धर्मगुरू येतात. रविवारच्या सूचना लक्ष देऊन ऐका. ओळखीच्या फादरांपुढे संकोच वाटत असेल तर हा दिवस तुमचा.

आत गेल्यावर आधी शेवटचं निवेदन कधी केलं ते सांगा. दहा वर्षं झाली असतील तर दहा म्हणा. त्याने कोणी दचकत नाही. प्रार्थना पाठ नसेल तर तसंही सांगा, फादर पुढे म्हणतात. गंभीर पाप असेल तर काय आणि साधारण किती वेळा, एवढं पुरे. इथे लोक घसरतात ते दोन ठिकाणी. एक तर पूर्ण हकिगत सांगत बसतात, आणि त्या हकिगतीत हळूहळू नवरा, जाऊ, शेजारी यांचीच पापं सांगून होतात. दुसरं, ‘काहीतरी राहिलं’ म्हणून नंतर झुरतात. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत येतं. आठवलं तर पुढच्या वेळी सांगावं. दिलेलं प्रायश्चित्त चर्च सोडण्यापूर्वीच करून टाका आणि घरी जाऊन कागद जाळा. खिशात ठेवून धुवायला टाकू नका, तो कोणाच्याही हाती लागतो.

स्नानसंस्कार झालेला नसेल तर पापक्षमेचा संस्कार घेता येत नाही. पण फादरांशी मनातलं बोलता येतं आणि आशीर्वाद मागता येतो.

अबोला

या काळातलं सर्वांत कठीण काम हेच आहे, आणि नेमकं तेच लोक टाळतात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. आपल्याकडे भावाभावांतला अबोला बहुतेक वेळा बांधावरून, सामाईक विहिरीवरून किंवा आईच्या दागिन्यांवरून असतो, आणि तो पुढच्या पिढीकडे वारशात जातो.

नाताळच्या दिवशी गोडाचं ताट घेऊन समोरच्याच्या दारात उभं राहणं टाळा. त्याच्या घरात पाहुणे असतात, त्याला तोंडदेखलं हसावं लागतं, आणि सव्वीस तारखेला सगळं होतं तसंच. तिसऱ्या आठवड्यातला एखादा कामाचा दिवस निवडा. एकटे जा आणि हातात काही नेऊ नका. फॉरवर्ड केलेला शुभेच्छांचा संदेश तर मुळीच नको. पाच मिनिटं पुरतात. ‘दादा, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. त्याचं मला वाईट वाटतं. एवढंच सांगायला आलो.’ बस. ‘पण तूसुद्धा’ हे शब्द तोंडातून आले की सगळं मुसळ केरात. जमिनीचा हिशोब त्या पाच मिनिटांत काढू नका. तो वकिलाकडे किंवा पंचांपुढे वेगळा मिटतो. दार उघडलं नाही तर तुमच्या बाजूचं काम झालेलं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जा.

मारहाण किंवा अत्याचाराचं प्रकरण असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे क्षमा म्हणजे त्या घरात परत पाऊल टाकणं नव्हे. आधी विश्वासातल्या माणसाशी बोला.

गोठा आणि गव्हाणी

गोठा देखावा म्हणून करण्याची परंपरा संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी केलेल्या गोठ्याकडे नेतात. तुमचा गोठा खोक्याचा असो की मातीचा, एक गोष्ट पाळा. चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी ठेवा. बाळाची मूर्ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि कुठे ठेवली ते दोघांना माहीत असू द्या. ऐन रात्री शोधाशोध होते.

गव्हाणीशेजारी वाटीभर सुकं गवत ठेवा. घरातल्या कोणीही काही चांगलं केलं, भांडण गिळलं, दुसऱ्याचं ताट उचललं, की एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळाला मऊ बिछाना व्हावा म्हणून. काडी कोणी आणि का टाकली हे कोणालाही सांगायचं नाही, आणि हा नियम पहिल्याच दिवशी मुलांना बजावून सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी काड्यांची मोजणी आणि चुगल्या सुरू होतात.

गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू पेरतात. नाचणी १२ डिसेंबरला रात्रभर भिजवून १३ ला पेरा. गहू जोमाने वाढतो, तो १५ ला पेरला तरी चालतो. हंगेरी आणि क्रोएशियात १३ तारखेला, संत लुसियाच्या दिवशी, गहू पेरायची रीत आहे. भोकं पाडलेल्या पसरट डब्यात दोन बोटं माती घाला, त्यावर दाणे दाट पसरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या. दोन दिवस ओलं फडकं झाकून अंधारात ठेवा, नंतर उजेडात. पाणी हाताने शिंपडा, सकाळ-संध्याकाळ. डब्यात पाणी साचलं की पांढरी बुरशी धरते आणि कुबट वास येतो. पहिल्याच आठवड्यात उत्साहाने पेरलेलं चोवीसपर्यंत पिवळं पडून आडवं होतं.

बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले तिघे मागी राजे गोठ्यात आधीच उभे करू नका. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीवर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवा आणि रोज थोडं पुढे सरकवा. ते जानेवारीत, प्रकटीकरणाच्या सणाला पोहोचायला हवेत.

१७ डिसेंबरनंतर

इथून वाचनं रोजची आणि ठरलेली आहेत, ती बदलू नका. १७ ला मत्तय १:१–१७, १८ ला मत्तय १:१८–२४. नंतर लूकचा पहिला अध्याय ओळीने: १९ ला ओव्या ५–२५, २० ला २६–३८, २१ ला ३९–४५, २२ ला ४६–५६, २३ ला ५७–६६, २४ ला ६७–७९.

सतरा तारखेला नुसती वंशावळ बघून नवखे पान उलटतात. उलटू नका. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे, सगळी नावं मोठ्याने वाचा, अडखळलात तरी. बापांच्या त्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका आहेत: सासऱ्यापासून मूल झालेली तामार, वेश्या राहाब, परक्या मवाबातून आलेली विधवा रूथ, आणि ‘उरीयाची बायको’, जिचं मत्तय नावही घेत नाही. कुठलंही घर आपल्या कुळाच्या वहीतून ज्या गोष्टी गाळेल, त्याच इथे मुद्दाम ठेवल्या आहेत. वाचून झाल्यावर आपल्या घरात ज्या माणसाचं नाव काढत नाहीत, त्याच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणा.

१७ ते २३ या सात संध्याकाळी चर्च ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारतं: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. रोज त्या दिवसाचं एक नाव घ्या आणि ‘ये’ म्हणा. लॅटिनमधल्या या नावांची आद्याक्षरं शेवटून वाचली तर ‘एरो क्रास’ असे शब्द होतात, म्हणजे ‘उद्या मी असेन’.

घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर आकाशकंदील लावत नाहीत, गोडही करत नाहीत, शेजारीच ताट आणून देतात. अशा घरांना वाटतं की आपला नाताळच नाही. नाताळचा गलबला नसला तरी आगमनकाळ त्यांचाही आहे. चक्र लावा, वाचनं करा. गव्हाणीतल्या काड्यांत एक गेलेल्या माणसाच्या नावाने टाका.

चोवीस तारीख

घरकाम दुपारी दोनपर्यंत संपवा. जे राहिलं ते राहिलं. तीन ते चार टीव्ही आणि फोन बंद. रात्रीची मिस्सा किती वाजता, हे दोन-तीन दिवस आधीच विचारून ठेवा. सगळीकडे ती मध्यरात्रीच असते असं नाही. कम्युनियन, म्हणजे मिस्सातला ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं असेल तर त्याआधी तासभर पाण्याशिवाय आणि औषधाशिवाय काही घेऊ नका. जागेसाठी अर्धा तास आधी पोहोचा, आजी-आजोबा बरोबर असतील तर पाऊण तास. मैदानात मिस्सा असेल तर त्यांच्यासाठी शाल घ्या, दव पडतं. चौथा रविवारच २४ ला आला, जसा २०२८ मध्ये येणार आहे, तर सकाळची रविवारची मिस्सा वेगळी आणि रात्रीची नाताळची वेगळी. एकीत दोन्ही भागत नाहीत.

घरी आल्यावर दिवे लावण्याआधी कपाटातून मूर्ती काढा. घरातल्या सर्वांत लहान माणसाने ती गव्हाणीत ठेवायची. गवत कमी पडलं असेल तर तसंच ठेवा, त्या रात्री मूठभर घालून वाटी रिकामी करू नका.